बोळ्यावरची पिल्लं

११ फेब्रुवारी १९७४

सकाळच्या गाडीने साताऱ्याहून निघाले आणि संध्याकाळच्या आत पलूसला माझी खोली लावूनही झाली. एक खाट, एक टेबल, भिंतीतलं कपाट आणि उसाच्या फडाकडे उघडणारी खिडकी. सगळं माझ्या एकटीचं. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी मला पहिल्यांदा अशी खोली मिळाली, जिच्या दाराला आतून कडी आहे आणि बाहेरून "आपा, भूक लागली" म्हणून कुणी थाप मारणार नाही. गंमत म्हणून दोनदा कडी लावून पाहिली.

अम्मी गेली तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि मेहरुन एका दिवसाची. अब्बा शिवणयंत्रावर, दोघं भाऊ शाळेत. मेहरुनला शेळीच्या दुधात कापसाचा बोळा बुडवून मी पाजलं. तेव्हापासून कुणाला ना कुणाला भरवतेच आहे. त्यातच एम.एस्सी. कधी झाली ते कळलं नाही. येत्या जूनमध्ये मेहरुनचं लग्न आहे. इथलं काम मार्गी लागून प्रबंध झाला, की साताऱ्याच्या कॉलेजात जागा मिळण्यासारखी आहे. मग मी, माझी नोकरी आणि एका माणसापुरता स्टोव्ह. एवढंच मागणं आहे.

जाळी विणणाऱ्या कोळ्यांच्या अभ्यासाचं विद्यापीठाचं हे केंद्र गावाबाहेर माळाच्या कडेला आहे. पूर्वी पाटबंधाऱ्याच्या साहेबाचा बंगला होता. प्रमुख देशमाने सर बुटके, मृदू बोलणारे, गळ्यात उन्हातसुद्धा मफलर. राखणीला आणि कोळी गोळा करायला जोतीराम. फौजेतून आलेले, त्यांनी मला चक्क सलाम ठोकला आणि सांगितलं, "बाईसाहेब, हितं झुरळ न्हाई, ढेकूण न्हाई. आपली पलटण सगळं खाती." स्वयंपाक आणि झाडलोट त्यांची बायको बनुबाई करते. तिने आल्या आल्या विचारलं, पोरंबाळं किती. लग्नच नाही म्हटल्यावर जरा विचार करून म्हणाली, "मग बरं हाय. अंगात ताकद शिल्लक असंल."

१६ फेब्रुवारी

कोळी पाहिले. कुंपणाच्या बाभळीत मळक्या चिंध्यांच्या गोळ्यासारखी घरटी असतात. एकेका घरट्यात शंभर-शंभर कोळी. एरवी दोन कोळी समोर आले तर एक दुसऱ्याला खातो. हे मात्र एकत्र जाळं विणतात, एकत्र शिकार करतात आणि एका पंगतीत जेवतात. एकट्या राहणाऱ्या प्राण्याला असं गणगोत जमवण्याची बुद्धी कशी झाली, हा सरांच्या आयुष्याचा विषय. त्यासाठी अंड्यातला जीव रोज कसा घडत जातो तेही ते पाहतात. मेणात बसवून पातळ छेद घेणं, रंगवणं, सूक्ष्मदर्शकाखाली चित्र काढणं. माझं काम तेच.

प्रयोगशाळा माझ्या खोलीला लागून आहे, मधे एक दार. तिथे जाळी लावलेल्या लाकडी पेट्यांत घरटी ठेवली आहेत. खाणं देण्याची पद्धत मोठी मजेशीर. नादकाटा टेबलाच्या कडेवर आपटायचा आणि जाळ्याला टेकवायचा. जाळं गुणगुणलं की किडा अडकला असं समजून सगळे बाहेर येतात, मग चिमट्याने नाकतोडा सोडायचा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा घरट्याच्या भोकाभोकांतून पाय बाहेर आले आणि मी दचकून नादकाटाच टाकला. जोतीराम पोटभर हसले.

रात्री झोप छान लागली. कुणासाठी उठायचं नाही हे आठवून सकाळीही अर्धा तास लोळले.

१ मार्च

पेट्यांतल्या माद्यांनी अंडी घातली आहेत. सगळ्याच घालत नाहीत. बऱ्याच माद्यांना स्वतःची पिल्लं होतच नाहीत, त्या इतरांची सांभाळतात. केंद्रात त्यांना मावश्या म्हणतात. नाव जोतीरामांनी दिलं, आता सरही तेच वापरतात.

पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा त्याला शिकार करता येत नाही. ते आईजवळ जातं आणि पुढच्या पायांनी तिच्या तोंडाशी टकटक करतं. चारदा भराभर, मग थांबतं. आई तोंडातून पातळ थेंब सोडते. हा थेंब पोटातल्या अन्नाचा असतो असं मला वाटलं होतं. सरांनी छेद दाखवले. आईचं आतडं, चरबी, सगळं हळूहळू विरघळतं आणि तेच थेंबाथेंबाने बाहेर येतं. तिचं कातडं तेवढं शाबूत राहतं. देण्यासारखं काही उरलं नाही, की शेवटच्या दिवशी ती जाळ्यावर पुढचे दोन पाय हळूहळू, एकसारखे आपटते. आपण तान्ह्या मुलाला थोपटतो ना, अगदी तसं. ते ऐकून सगळी पिल्लं येतात, तिच्या अंगावर चढतात आणि तिला खातात. ती पाय आखडून घेत नाही. मावश्यांचंही तेच होतं.

सर म्हणाले, त्यांना एवढंच शोधायचं आहे की लाखो वर्षांपूर्वी आधी काय आलं, मागणं की देणं? पिल्लं मागायला लागली म्हणून आई विरघळली, की ती आधीच विरघळायला तयार होती आणि पिल्लांनी नुसती टकटक केली?

मी म्हटलं, आमच्या घरी येऊन पाहा. सर खूप हसले.

१४ मार्च

आज माझ्या हातून मोठी चूक झाली. छेदांसाठी डाव्या कोपऱ्यातल्या पेटीतल्या माद्या हव्या होत्या. मी आया काढल्या आणि त्यांच्यासारख्याच दिसणाऱ्या मावश्याही सगळ्या काढून मद्यार्कात टाकल्या. दुपारी पाहते तर अंड्यांच्या पिशव्या फुटलेल्या आणि शे-दीडशे पिल्लं मोकळ्या जाळ्यावर, राजगिऱ्याच्या दाण्याएवढी, फिकट. टकटक करायला तोंड शोधत फिरत होती.

सर म्हणाले, तीही मद्यार्कात टाका, दुसरं काय करणार.

मी टाकायला गेले. हात धजला नाही. बनुबाईच्या शेळीचं दूध आणलं, त्यात अंड्यातला बलक कालवला, कापसाचा बारीक बोळा केला आणि बोटावर धरून आत नेला. पहिल्यांदा एक आलं. चारदा टकटक, मग थांबलं. बोळा दाबला. थेंब आला. ते प्यायलं.

नंतर सगळीच आली.

१७ मार्च

पिल्लं जगली. सर तीनतीनदा येऊन पाहून गेले. आईशिवाय ही जात आजवर कुणाला वाढवता आलेली नाही म्हणाले. स्वतः शिकार करण्याइतकी मोठी झाली तर हाच माझा प्रबंध, तो परदेशातसुद्धा वाचला जाईल आणि साताऱ्याची जागा हातात असल्यासारखीच आहे. गेल्या वर्षी माझ्या जागी असलेल्या दादासो नावाच्या मुलालाही जवळजवळ जमलं होतं. मग स्टोव्हमुळे आग लागून पेटी गेली आणि तो आजारी पडून सांगलीला घरी गेला.

म्हणजे थोडे महिने अजून भरवायचं. शेवटचं. सवय आहेच.

२ एप्रिल

पिल्लं तिळाएवढी झाली. आता मी प्रयोगशाळेत पाऊल टाकलं की जाळ्यावर येऊन थांबतात. नादकाटा लागत नाही. बोटाच्या टोकाला ती टकटक लागते तेव्हा आधी गुदगुल्या होतात, मग हातातून खांद्यापर्यंत काहीतरी सैल होत जातं. दिवसभराचं काम करून पाय पसरल्यावर होतं तसं. काल पेटीत हात ठेवूनच टेबलावर डोकं टेकून झोपले होते. बनुबाई चहा घेऊन आली होती म्हणे. ती या खोलीच्या उंबऱ्याच्या आत येत नाही. तिथूनच हाका मारल्या. मग जेवताना सगळ्यांसमोर म्हणाली, "ह्यास्नी डोहाळं न्हाईत, बारसं न्हाई, न् बाळंतीण मातुर वाळाय लागली." मला शेंगदाणे आणि गूळ खायला लावते आणि नवरा करा म्हणते, म्हणजे भूक लागेल.

भूक लागते. पण घास तोंडात गेला की कंटाळा येतो.

९ एप्रिल

दुपारी बोळा न करताच हात आत घातला. विसरलेच. लक्षात आलं तेव्हा पिल्लं बोटाभोवती दाटीने बसली होती आणि पीत होती. बोळा नव्हता, दूध नव्हतं.

हात बाहेर काढला. बोटाचं टोक ओलं होतं. घाम नव्हता. चिकट, किंचित गोडसर वास.

उन्हाने असेल. बांगड्या सैल झाल्या आहेत, हात वर केला की कोपरापर्यंत जातात.

११ एप्रिल

बोट सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. चावल्याची खूण नाही, जखम नाही. कातडी शाबूत आहे. फक्त तिच्याखाली आरपार उजेड दिसतो.

सरांना दाखवलं. त्यांनी भिंग काढून पुष्कळ वेळ पाहिलं. मला वाटलं घाबरतील. ते हळू आवाजात म्हणाले, आधी देणं आलं. मग मफलर नीट केला आणि विचारलं, टोकाचा अगदी पातळ छेद घेऊ दिला तर चालेल का. दुखणार नाही म्हणाले.

मी हो म्हटलं. दुखलं नाही. नाही म्हणण्याचा कंटाळा आला होता.

१५ एप्रिल

एस.टी.ने सांगलीला जाऊन आले. दादासोला भेटायचं होतं. जोतीरामांकडून पत्ता घेतला. पत्ता देताना ते काहीतरी बोलणार होते, मग नुसतेच म्हणाले, "बघून या. मग सांगतो."

दादासो माझ्याहून लहान असावा. खाटेवर उशांना टेकवून ठेवला होता. चेहरा भरलेला दिसतो, पण त्याच्या आईने कूस बदलायला उचललं तेव्हा एका हाताने उचललं. वर्ष होत आलं, डॉक्टरांना काही सापडत नाही असं ती सांगत होती. मुलाला चमच्याने पेज भरवत होती, तीही थकलेली. मी पलूसहून आले म्हटल्यावर त्याने डोळे उघडले आणि विचारलं, पोरं मोठी झाली का?

मी म्हटलं, ती वेगळी. त्याला रडू आलं. मग त्याचा उजवा हात चादरीवर हळूहळू आपटायला लागला. एकसारखा. त्याची आई म्हणाली, सारखा असाच थोपटत असतो, कुणाला कोण जाणे.

१६ एप्रिल

जोतीरामांनी सांगितलं. स्टोव्हची आग खोटी. एक दिवस ते खोलीत गेले तर दादासो पेटीशेजारी पडलेला, बाही वर सारलेली आणि कोपरापर्यंत हात दिसत नव्हता, नुसती पिल्लं. त्यांनी त्याला ओढून बाहेर काढलं आणि रॉकेल टाकून पेटी जाळली. माणूस वाचला, पण आतून गेला तो गेलाच. ते बोलताना इकडेतिकडे बघत होते. सरांना कळलं तर नोकरी जाईल. शेवटी म्हणाले, "लढाईत मानूस पडताना बघितलाय बाईसाहेब, पन पडलेला मानूस हसताना न्हाई बघितला. तुमी निस्तं सांगा. आर्डर करा. मी हाय."

मी म्हटलं, उद्या सांगते.

१८ एप्रिल

सांगितलं नाही. पिल्लं आता हरभऱ्याच्या डाळीएवढी आहेत. अजून एकदा कात टाकली की स्वतः शिकार करतील. मग प्रबंध. मग मी मोकळी. एवढ्यासाठी आत्ता—

२२ एप्रिल

पळून जायचं म्हणून पिशवी भरली. स्टेशनवर बाकावर बसले होते. गाडीला वेळ होता. आधी बोटं दुखायला लागली, मग दंड, मग छाती. बनुबाईने एकदा सांगितलं होतं, तान्हं मूल घरी ठेवून भांगलायला गेलं की पान्हा कसा दुखतो. तसंच असणार. शेजारची बाई म्हणाली, बाई, थोपटताय कुणाला? माझा हात पिशवीवर—

परत आले. पेटीत हात घातला तेव्हा इतकं बरं वाटलं की रडले.

२५ एप्रिल

पेटीची जाळी एका कोपऱ्यात सुटली आहे. त्यांनी सोडवली की मी, माहीत नाही. जाळं आता खिडकीपर्यंत आहे. सर धारवाडला परिषदेला गेले. जाताना म्हणाले, थांबवू नका, आपण फार जवळ आलो आहोत. 'आपण' म्हणाले.

जोतीरामांना आज खरंच सांगितलं. ते रॉकेलचा डबा घेऊन आले. मी दारात उभी राहिले. आडवी. त्यांना म्हणाले, जा. पोरं उपाशी आहेत, आत्ता नको.

ते डबा तिथेच ठेवून खाली बसले आणि तोंडावर उपरणं घेतलं.

२९ एप्रिल

मेहरुन आली.

बनुबाईने आपल्या भावाकरवी साताऱ्याला निरोप धाडला होता. दारात मला बघून पोरगी किंचाळलीच. "आपा, ये क्या हाल कर लिया?" मग पदर खोचून कामाला लागली. अब्बांनी शिवलेले दोन झंपर आणले आहेत, त्यात मी दोनदा मावेन. सोबत डब्यात खिमा. ती भरवत होती, मी तोंड उघडत होते. सतरा वर्षांनी उलटं. लग्नाचं बोलत होती. हिरवा शालू, मुलाचा आवाज छान आहे, पण तो लाजतो. तिचे हात किती गुबगुबीत. जिवंत.

त्या खोलीत जायचं नाही असं बजावलं. शपथ घातली.

३० एप्रिल

मी झोपले होते. उठले तर मधलं दार उघडं. मेहरुन जाळ्यासमोर उभी आणि हसत होती. म्हणाली, आपा, तू उठत नव्हतीस, ही बिचारी भुकेली होती. बघ कशी टकटक करतात, गुदगुल्या होतात.

तिचं बोट आत होतं.

ओढलं. माझ्यात ओढण्याइतकी ताकद नाही. तीच मागे आली, मला सावरायला.

१ मे

मेहरुन दुपार झाली तरी उठली नाही. अंगात कसकस नाही, नुसती दमलेय म्हणते. छान वाटतंय म्हणते.

झोपेत तिचा हात उशीवर थोपटत होता.

ह्या पोरीला मी बोळ्याने वाढवलं. हिला नाही. ही त्यांना मिळणार नाही.

२ मे, सकाळ

ठरलं. जोतीराम मेहरुनला सायकलवर स्टेशनला नेतील, दुपारच्या गाडीत बसवतील. ती जायला तयार नव्हती, म्हणे पोरांना कोण बघणार. पहिल्यांदा तिच्या थोबाडीत मारली. हात लागला की नाही शंका आहे. रडत गेली.

जोतीरामांना सांगितलं, मी सांगलीच्या एस.टी.ने दादासोकडे जाते, खोली रिकामी असेल. परत आलात की दार उघडू नका. खिडकीतून रॉकेल टाका आणि काडी लावा. आत वाकून बघू नका.

त्यांनी सलाम केला. "आर्डर," म्हणाले.

२ मे, दुपार

मी गेले नाही. जाणार नव्हतेच. नुसतं घरटं जाळून भागणार नाही, निम्मी भिंतींवर आहेत, छपरात आहेत, एक जरी राहिलं तरी ते मेहरुनला शोधेल. सगळी एका जागी यायला हवीत. त्यासाठी एकच उपाय आहे आणि मला तो येतो.

मधलं दार सताड उघडं. जाळं खाटेपर्यंत. बाहेरच्या दाराची कडी आतून लावली. पहिल्या दिवशी दोनदा लावून पाहिली होती.

डावा हात जाळ्यावर. थोपटते आहे.

येत आहेत. छपरातून, टेबलाखालून. सगळी. हाताला वजन नाही, ऊब आहे. दुखत नाही. सरांना सांगा, दुखत नाही. फक्त झोप—

उजव्या हाताने लिहिते, म्हणजे झोप लागणार नाही. जोतीरामांची सायकल अजून ऐकू येत नाही. या हो लवकर.

खांद्यापर्यंत आली. सगळी आली. बरं झालं. आता कुणाला काही भरवायचं—

बाहेर पावलं. चपलांची. सायकल नाही.

आपा म्हणून हाक. मेहरुन. गाडीत बसली नाही की उतरली—जोतीराम कुठे—

ओरडले. आवाज बाहेर गेला नाही. आत आवाजापुरतं काही उरलं नाही.

मेहरुन जा—

दार वाजवत नाहीये ती. दोन्ही हातांनी, हळू, एकसारखं. दार थोपटतेय.

पिल्लं थांबली. तोंडं फिरवली. माझ्या दंडावरून उतरायला लागली. नका, इकडे, इकडे, मी थोपटतेय ना, अजून आहे माझ्यात, अजून थोडं—

ताजं आहे तिकडे.

दाराखालची फट. मेहरुन, पाय मागे घे, खालची फट, पाय—